स्तनाच्या ठरावीक भागापुरतं रेडिएशन: पद्धत निवडण्याआधी काय तपासायचं, काय विचारायचं

स्तनातली कर्करोगाची गाठ काढून बाकीचा स्तन वाचवला, की पुढे रेडिएशन घ्यावं लागतं, हे बहुतेकींना शस्त्रक्रियेच्या आधीच सांगितलेलं असतं. ते संपूर्ण स्तनाला द्यायचं की गाठ जिथे होती तेवढ्याच भागाला, हा प्रश्न मात्र अनेकदा नंतर अचानक समोर येतो. मग बाहेरून किरण, ब्रॅकीथेरपी, फुगा, ऑपरेशन टेबलवरच एकदा दिलेला डोस अशी नावं कानावर पडतात आणि जी पद्धत सर्वांत लवकर संपते तीच सर्वांत चांगली वाटू लागते.

माझं मत आधीच सांगते. किती दिवस वाचतात, हा या निवडीतला सर्वांत कमी वजनाचा मुद्दा आहे. निरोगी भाग किती वाचतो आणि तो वाचवताना आजार त्याच स्तनात परतण्याचा धोका किती वाढतो, या दोन गोष्टींवर निर्णय व्हायला हवा. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने लावल्या आहेत.

मुळात रेडिएशन कशासाठी

गाठ पूर्ण निघाली तरी आजूबाजूला डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशी उरलेल्या असू शकतात. २०११ मध्ये उपचारांची तुलना करणाऱ्या १७ चाचण्यांतल्या १०,८०१ स्त्रियांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. रेडिएशन न घेतलेल्यांमध्ये १० वर्षांत आजार कुठेही परतण्याचं प्रमाण ३५ टक्के होतं, घेतलेल्यांमध्ये ते १९.३ टक्क्यांवर आलं. रेडिएशन घेतलेल्या या स्त्रियांना ते संपूर्ण स्तनाला दिलेलं होतं.

पण आजार स्तनातच परततो तेव्हा बहुतेक वेळा तो मूळ गाठीच्या जागेजवळच परततो. स्तनाच्या दूरच्या कोपऱ्यात नंतर दिसणाऱ्या गाठींपैकी बऱ्याच नव्याने उद्भवलेल्या असतात. म्हणून कमी धोक्याच्या आजारात गाठीची जागा आणि तिच्याभोवतीचा एक-दोन सेंटिमीटरचा पट्टा एवढ्यावरच डोस द्यायचा, असा विचार पुढे आला. कमी धोक्याचा आजार ही यातली अट आहे, आणि ती पूर्ण होते की नाही हे पॅथॉलॉजीच्या रिपोर्टवरून कळतं.

पायरी पहिली: पॅथॉलॉजीचा अंतिम रिपोर्ट हातात घ्या

बायोप्सीचा नव्हे, शस्त्रक्रियेनंतरचा अंतिम रिपोर्ट. तो हातात नसताना पद्धतींची चर्चा करण्यात अर्थ नाही. त्यात या गोष्टी शोधा: वय, गाठीचा आकार, ग्रेड म्हणजे पेशी किती आक्रमक दिसतात, ईआर म्हणजे इस्ट्रोजेन रिसेप्टर, हर-टू हे पेशींवरचं प्रथिन, काखेतल्या गाठी म्हणजे लसिकाग्रंथी, काढलेल्या तुकड्याच्या कडा, रक्तवाहिन्या किंवा लसिकावाहिन्यांत शिरकाव, आणि कर्करोगाचा प्रकार.

अमेरिकेतल्या रेडिएशन ऑन्कोलॉजी संघटनेने, म्हणजे ॲस्ट्रोने, २०२३ साली दिलेल्या मार्गदर्शक सूचना इथे उपयोगी पडतात. वय ४० किंवा जास्त, गाठ २ सेंटिमीटरपर्यंत, ग्रेड १ किंवा २, ईआर पॉझिटिव्ह आणि काखेतल्या गाठींत आजार नाही, असं असेल तर ठरावीक भागाचं रेडिएशन हा संपूर्ण स्तनाच्या रेडिएशनला चांगला पर्याय मानला आहे. ग्रेड ३ असेल, ईआर निगेटिव्ह असेल किंवा गाठ २ ते ३ सेंटिमीटरची असेल तर दार बंद होत नाही, पण शिफारस सौम्य होते. असे दोन-तीन घटक एकत्र आले, तर मी संपूर्ण स्तनाच्या बाजूने झुकेन आणि डॉक्टरांनाही तसं थेट विचारेन.

वय ४० पेक्षा कमी, काखेतल्या गाठींत आजार, कडांवर कर्करोगाच्या पेशी, किंवा बीआरसीए-१ वा बीआरसीए-२ या जनुकांत दोष, यांपैकी काहीही असेल तर ही पद्धत नको, असं त्या सूचना स्पष्ट सांगतात. लोब्युलर, म्हणजे दूधग्रंथींत सुरू होणारा प्रकार, लसिकावाहिन्यांत शिरकाव, किंवा हर-टू पॉझिटिव्ह असूनही त्यावरचं औषध चालू नसणं, या स्थितींतही ती टाळण्याकडेच कल आहे. डीसीआयएस, म्हणजे दुग्धनलिकेच्या आतच राहिलेला आजार, २ सेंटिमीटरपर्यंतचा आणि कमी किंवा मध्यम ग्रेडचा असेल, तर वयाची ४० ची अट धरून ही पद्धत चालते.

रिपोर्टमध्ये कडा ‘निगेटिव्ह’, म्हणजे कर्करोगाच्या पेशींपासून मोकळ्या, एवढंच लिहिलं असेल तर अंतर किती मिलिमीटर आहे तेही विचारा. या पद्धतीच्या अनेक चाचण्यांत किमान २ मिलिमीटर मोकळी कड ही प्रवेशाची अट होती. शस्त्रक्रियेआधी केमोथेरपी झाली असेल, त्याच बाजूच्या छातीला पूर्वी कधी रेडिएशन मिळालं असेल, किंवा स्क्लेरोडर्मासारखा त्वचा कडक करणारा आजार असेल, तर ते पहिल्याच भेटीत सांगा. रिपोर्टमध्ये ते सापडणार नाही.

पायरी दुसरी: सर्जनशी शस्त्रक्रियेआधी बोला

ही पायरी बहुतेकींची राहून जाते. ठरावीक भागाचं रेडिएशन अचूक व्हायचं तर गाठ नेमकी कुठे होती हे नंतर सीटी स्कॅनवर दिसलं पाहिजे. त्यासाठी सर्जन गाठ काढल्यावर पोकळीच्या भिंतींना टायटॅनियमच्या छोट्या क्लिपा लावतात. चार-सहा क्लिपा वेगवेगळ्या बाजूंना असतील तर पोकळीची हद्द नीट कळते. क्लिपा नसतील तर साचलेल्या द्रवाच्या सावलीवरून अंदाज बांधावा लागतो, आणि तो द्रव काही आठवड्यांत शोषला गेला की तीही खूण जाते.

दुसरा प्रश्न ऑन्कोप्लास्टिक शस्त्रक्रियेचा. आकार टिकवण्यासाठी सर्जन आजूबाजूच्या ऊती सरकवून पोकळी भरून काढतात. स्तन चांगला दिसतो, पण मूळ जागेच्या भिंती इकडच्या तिकडे जातात. अशा वेळी ठरावीक भागाचं रेडिएशन शक्य आहे का, हे सर्जन आणि रेडिएशन ऑन्कोलॉजिस्ट यांनी शस्त्रक्रियेच्या आधी एकमेकांशी बोलून ठरवलेलं बरं.

पायरी तिसरी: पद्धती समजून घ्या

त्याआधी डोसबद्दल एक इशारा. डोस ‘ग्रे’ या एककात मोजतात, पण वेगवेगळ्या पद्धतींचे एकूण आकडे थेट शेजारी ठेवून कमी-जास्त ठरवता येत नाहीत. पाच वेळांत दिलेले ३० ग्रे हे पंधरा वेळांत दिलेल्या ४० ग्रेपेक्षा सौम्य नसतात. एका वेळी किती डोस, दोन वेळांमध्ये किती अंतर आणि किती भागावर, हे तिन्ही मिळून परिणाम ठरतो.

*बाहेरून दिलेलं रेडिएशन.* लिनिअर ॲक्सिलरेटर या यंत्रातून वेगवेगळ्या कोनांतून किरण गाठीच्या जागेवर आणले जातात. सुई नाही, नळी नाही, आणि यंत्र बहुतेक रेडिएशन विभागांत असतं. सर्वांत जास्त पुरावाही याच पद्धतीचा आहे, आणि त्यातला धडा नीट समजून घेण्यासारखा आहे.

कॅनडाच्या नेतृत्वाखालच्या रॅपिड चाचणीत २,१३५ स्त्रिया होत्या. ठरावीक भागाच्या गटाला ३८.५ ग्रे १० वेळांत, दिवसातून दोनदा, देण्यात आले. आठ वर्षांत त्याच स्तनात आजार परतण्याचं प्रमाण ३ टक्के होतं, संपूर्ण स्तनाच्या गटात २.८ टक्के. म्हणजे आजार आटोक्यात ठेवण्यात फरक नगण्य. पण उशिरा दिसणारे मध्यम किंवा त्याहून जास्त दुष्परिणाम ३२ टक्के विरुद्ध १३ टक्के होते, आणि स्तनाचं दिसणं बिघडण्याचं प्रमाणही जास्त होतं. कमी भागाला रेडिएशन देऊन दुष्परिणाम वाढले, हे अनेकांना अनपेक्षित होतं. त्याचं मानलं जाणारं कारण असं की दिवसातून दोनदा मोठा डोस दिला तर मधल्या काही तासांत निरोगी ऊतींची दुरुस्ती पूर्ण होत नाही.

दोन डोसांमध्ये जास्त अवधी ठेवणाऱ्या चाचण्यांत चित्र पालटलं. इटलीतल्या फ्लोरेन्सच्या चाचणीत ५२० स्त्रिया होत्या. तिथे आयएमआरटी, म्हणजे किरणांची तीव्रता भागानुसार कमी-जास्त करणाऱ्या तंत्राने ३० ग्रे फक्त ५ वेळांत, एक दिवस सोडून एक, असे दिले. दहा वर्षांत आजार परतण्याचं प्रमाण ३.७ टक्के विरुद्ध २.५ टक्के होतं, हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने ठोस नव्हता, आणि दुष्परिणाम व स्तनाचं दिसणं ठरावीक भागाच्या गटात चांगलं होतं. ब्रिटनच्या इम्पोर्ट-लो चाचणीत २,०१८ स्त्रियांपैकी ठरावीक भागाच्या गटाला ४० ग्रे १५ वेळांत, रोज एकदा, मिळाले. पाच वर्षांत आजार परतला ०.५ टक्के, संपूर्ण स्तनाच्या गटात १.१ टक्के. डेन्मार्कच्या चाचणीतही हेच वेळापत्रक होतं. तिथे तीन वर्षांनी स्तन घट्ट, कडक होण्याचं प्रमाण ५.१ टक्के विरुद्ध ९.७ टक्के, म्हणजे जवळपास निम्मं दिसलं.

म्हणून ‘बाहेरून देणार’ एवढ्या उत्तरावर थांबू नका. किती वेळा, रोज एकदा की दोनदा, हा पुढचा प्रश्न पद्धतीच्या नावाइतकाच महत्त्वाचा आहे. सोय असेल तिथे मी दिवसातून दोनदाचं वेळापत्रक टाळेन.

*अनेक नळ्यांची ब्रॅकीथेरपी.* ब्रॅकीथेरपी म्हणजे आतून दिलेलं रेडिएशन. भूल देऊन गाठीच्या जागेतून बारीक, लवचीक नळ्या ओवतात. उपचाराच्या वेळी यंत्राला जोडलेल्या तारेच्या टोकावरचा इरिडियम-१९२ चा छोटा स्रोत एकेका नळीत ठरलेल्या जागी काही सेकंद थांबत पुढे जातो आणि काम झालं की यंत्रात परत जातो. कुठे किती वेळ थांबायचं हे आखता येत असल्याने डोसला हवा तसा आकार देता येतो. पोकळी वेडीवाकडी असेल तर हा मोठा फायदा. शिवाय नळ्या स्तनाबरोबरच हलतात, त्यामुळे श्वासामुळे लक्ष्य सरकण्याची चिंता कमी.

युरोपातल्या जीईसी-एस्ट्रो चाचणीत १,१८४ स्त्रिया होत्या. साधारण ३२ ग्रे ८ वेळांत किंवा ३०.३ ग्रे ७ वेळांत, दिवसातून दोनदा, असं वेळापत्रक होतं. पाच वर्षांत आजार परतला १.४४ टक्के विरुद्ध ०.९२ टक्के, दहा वर्षांत ३.५१ टक्के विरुद्ध १.५८ टक्के. यातही दिवसातून दोनदा डोस होता, तरी उशिराचे दुष्परिणाम वाढले नाहीत, कारण जास्त डोस मिळणारा भाग बाहेरून देण्याच्या पद्धतीपेक्षा खूप लहान असतो. बुडापेस्टमधल्या चाचणीचा पाठपुरावा तर वीस वर्षांचा आहे, आणि तिथेही दोन्ही गटांत ठोस फरक नाही.

अडचण माणसांची आहे. नळ्या नीट ओवणं हे कौशल्य आहे आणि ते सगळीकडे नसतं. वर्षातून मोजक्याच वेळा हे करणाऱ्या विभागात जाण्यापेक्षा बाहेरून देण्याचा चांगला कार्यक्रम निवडणं शहाणपणाचं.

*एका नळीचा फुगा.* पोकळीत एक फुगा ठेवून तो फुगवतात आणि स्रोत त्याच्या आत जातो. अमेरिकेत मॅमोसाइट या उपकरणाला २००२ मध्ये परवानगी मिळाली. नेहमीचं वेळापत्रक ३४ ग्रे, १० वेळांत, पाच दिवसांत. अनेक नळ्यांपेक्षा हे बसवायला सोपं. पण फुगा गोल असतो आणि पोकळी नेहमी गोल नसते. फुगा आणि त्वचा यांत पुरेसं अंतर नसेल तर त्वचेवर कायमचे डाग किंवा लाल जाळं उमटू शकतं. पुढे आलेल्या अनेक मार्गिकांच्या उपकरणांत हा दोष बराच कमी झाला. ॲस्ट्रोने या गटाला सौम्य शिफारस दिली आहे, वरच्या दोन पद्धतींइतकी ठाम नाही.

*शस्त्रक्रियेच्या टेबलवरच एक डोस.* सर्वांत आकर्षक वाटणारी पद्धत हीच: गाठ काढली, तिथेच डोस दिला, झालं. म्हणून इथले आकडे सावकाश वाचा.

मिलानच्या इलियट चाचणीत १,३०५ स्त्रियांपैकी निम्म्यांना इलेक्ट्रॉन किरणांनी २१ ग्रे एकाच वेळी दिले. पंधरा वर्षांत त्याच स्तनात आजार परतला १२.६ टक्के, संपूर्ण स्तनाच्या गटात २.४ टक्के. एकूण जगण्यात फरक पडला नाही, पण पुन्हा शस्त्रक्रिया, पुन्हा ती धास्ती, ही किंमत लहान नाही. टार्गिट-ए चाचणीत कमी ऊर्जेच्या क्ष-किरणांनी, म्हणजे ५० किलोव्होल्टच्या यंत्राने, गोल उपकरणाच्या पृष्ठभागावर २० ग्रे दिले. गाठ काढतानाच डोस दिलेल्या गटात पाच वर्षांचं प्रमाण २.११ टक्के विरुद्ध ०.९५ टक्के असं नोंदलं गेलं. त्या निकालांचा अर्थ कसा लावायचा यावर तज्ज्ञांत बराच वाद झाला. क्ष-किरणांची ताकद उपकरणापासून काही मिलिमीटरवरच झपाट्याने घटते, हा त्यातला मूलभूत आक्षेप.

शिवाय डोस दिला जातो तेव्हा अंतिम रिपोर्ट आलेला नसतो. तो नंतर धोक्याचा निघाला तर संपूर्ण स्तनाचं रेडिएशन तरीही घ्यावं लागतं. टार्गिट-एमध्ये असं सुमारे १५ टक्के स्त्रियांच्या बाबतीत झालं. ॲस्ट्रोच्या सूचनांत ही पद्धत संशोधनाबाहेर न वापरण्याकडे कल आहे, आणि मला तो पटतो. रोज ये-जा करणं खरोखरच अशक्य असलेल्या, कमी धोक्याच्या आजाराच्या स्त्रीसाठी तिचा विचार होऊ शकतो, पण वरचे आकडे तिला स्पष्ट सांगूनच.

पायरी चौथी: आपल्या शरीराशी जुळवून पाहा

पोकळी त्वचेच्या अगदी जवळ असेल तर फुगा बहुधा बाद होतो. नळ्यांच्या पद्धतीत त्वचेचा डोस आवरता येतो, तरी त्यालाही मर्यादा आहे. स्तन लहान आणि पोकळी मोठी असेल तर ‘ठरावीक भाग’ म्हणता म्हणता अर्धाअधिक स्तन डोसाखाली येतो, मग या पद्धतीचा उद्देशच उरत नाही. नियोजन झाल्यावर स्तनाच्या किती टक्के भागाला निम्मा डोस पोचतो, हे डॉक्टरांना विचारता येतं. त्यांच्याकडे तो आकडा असतो.

डाव्या बाजूच्या आजारात हृदयाचा डोस विचारा. खोल श्वास रोखून उपचार घेण्याचं तंत्र हृदयाला किरणांपासून दूर नेतं, पण त्यासाठी साधारण वीस सेकंद श्वास धरता यायला हवा. पेसमेकर असेल तर नियोजनाआधीच सांगा. आणि खांदा! बाहेरून रेडिएशन घेताना हात डोक्यावर ठेवून निश्चल पडून राहावं लागतं. काखेच्या शस्त्रक्रियेनंतर खांदा आखडला असेल तर व्यायाम त्याच आठवड्यात सुरू करा, नाहीतर फक्त त्यापायी नियोजनाचं स्कॅन पुढे ढकलावं लागतं.

पायरी पाचवी: दुसऱ्या दोन वाटाही विचारात घ्या

पूर्वी तुलना सोपी होती. संपूर्ण स्तनाला पाच-सहा आठवडे, ठरावीक भागाला एक आठवडा. आता तसं राहिलेलं नाही. ब्रिटनच्या फास्ट-फॉरवर्ड चाचणीत ४,०९६ रुग्णांचा अभ्यास झाला. तिथे संपूर्ण स्तनाला २६ ग्रे फक्त ५ वेळांत, एका आठवड्यात, देऊन पाच वर्षांत आजार परतण्याचं प्रमाण १.४ टक्के राहिलं. तीन आठवड्यांच्या गटात ते २.१ टक्के होतं. म्हणजे ‘लवकर संपतं’ हा ठरावीक भागाच्या बाजूचा युक्तिवाद बराचसा निकालात निघाला. उरतो तो निरोगी ऊती वाचण्याचा फायदा.

दुसरी वाट म्हणजे रेडिएशन न घेणं. वय ६५ किंवा जास्त, गाठ ३ सेंटिमीटरपर्यंत, काखेत आजार नाही, ईआर पॉझिटिव्ह आणि हार्मोनची गोळी नियमित घेणार, अशा स्त्रियांच्या प्राइम-टू चाचणीत दहा वर्षांत स्थानिक पातळीवर आजार परतला रेडिएशनशिवाय ९.५ टक्के, रेडिएशनसह ०.९ टक्के. एकूण जगण्यात फरक नव्हता. काहींना हा सौदा मान्य होतो, काहींना नाही, आणि दोन्ही उत्तरं योग्य आहेत. मात्र पाच वर्षं गोळी घेणं जमेल का, याचा प्रामाणिक विचार करा. गोळी मध्येच सोडली तर हा हिशेब कोलमडतो.

पायरी सहावी: भेटीत विचारायचे प्रश्न

कागदावर लिहून न्या आणि सोबत एक माणूस न्या, कारण त्या खोलीत ऐकलेलं निम्मं विसरायला होतं.

- माझ्या रिपोर्टमधली कोणती गोष्ट ठरावीक भागाच्या विरोधात जाते?
- कोणती पद्धत, एकूण किती ग्रे, किती वेळांत, रोज एकदा की दोनदा? हे वेळापत्रक कोणत्या चाचणीवर बेतलेलं आहे?
- तुमच्या विभागात ही पद्धत नियमित केली जाते का?
- क्लिपा सीटीवर स्पष्ट दिसतात का?
- रोज उपचाराआधी जागा कशी पडताळता?
- मी तुमच्या घरातली असते तर संपूर्ण स्तनाचा पाच दिवसांचा पर्याय सुचवला असता का?

शेवटच्या प्रश्नाला काही डॉक्टर बगल देतात. तरीही विचारा, उत्तर देणारे डॉक्टर त्यानिमित्ताने कारणंही सांगतात.

पायरी सातवी: उपचाराचे दिवस

जखम भरली की नियोजनाचं सीटी स्कॅन होतं. त्वचेवर बारीक गोंदलेले ठिपके किंवा शाईच्या खुणा करतात. शाईच्या असतील तर त्या घासून काढू नका. प्रत्येक वेळी टेबलवर साधारण दहा ते वीस मिनिटं जातात, त्यातला किरणांचा वेळ थोडाच. दुखत नाही. त्वचा थोडी लाल होणं, थकवा, स्तनात अधूनमधून चमक येणं हे अपेक्षित आहे.

नळ्या किंवा फुगा असेल तर ड्रेसिंग कोरडं ठेवायचं आणि नळ्या काढेपर्यंत आंघोळीऐवजी अंग पुसून घ्यायचं. ताप, पू, वाढती लाली किंवा ठणका दिसला तर पुढच्या वेळेची वाट न पाहता कळवा. स्रोत प्रत्येक वेळी यंत्रात परत जातो, त्यामुळे घरी आल्यावर तुमच्यापासून कुणालाही रेडिएशनचा धोका नसतो. नातवंडांना जवळ घ्यायला काहीच हरकत नाही. बाहेरून दिलेल्या उपचारालाही हेच लागू.

पायरी आठवी: नंतरची देखरेख

पहिली मॅमोग्राफी साधारण रेडिएशननंतर ६ ते १२ महिन्यांनी, मग दरवर्षी. डोस मिळालेल्या जागी चरबीच्या पेशी मरून टणक गाठ तयार होऊ शकते. ती निरुपद्रवी असते, पण हाताला नव्या गाठीसारखीच लागते. म्हणून कुठलीही नवी गाठ ‘रेडिएशनमुळे असेल’ असं घरच्या घरी ठरवू नका, तपासून घ्या. उशिराचे परिणाम, म्हणजे कडकपणा, आकसणं, त्वचेवरची लाल जाळी, वर्षानुवर्षं हळूहळू वाढू शकतात. वर्षातून एकदा त्याच प्रकाशात, त्याच अंतरावरून फोटो काढून ठेवला तर बदल नेमका दाखवता येतो.

उपचार संपल्यावर विभागाकडून लेखी सारांश मागून घ्या: कोणत्या बाजूला, कोणत्या पद्धतीने, किती ग्रे, किती वेळांत, कोणत्या तारखांना. जमलं तर नियोजनाची फाईल डिजिटल स्वरूपातही घ्या. पुढे कधी त्याच स्तनात आजार दिसला, तर आधी नेमक्या किती भागाला डोस मिळाला होता यावरच स्तन पुन्हा वाचवता येईल का हे ठरतं, आणि तोवर विभाग, यंत्र, डॉक्टर, सगळं बदललेलं असू शकतं.